सुतळ्या जिथे मिळाल्या

शुक्रवार, १२ जानेवारी १९३४. सायंकाळी साडेपाचच्या सुमारास निपाणीहून बेळगावला येणारी सर्व्हिस मोटार काकती ओलांडल्यावर, सरळ रस्त्यावर, डावीकडच्या चरात जाऊन कलंडली. ड्रायव्हर धरून आत सात माणसे होती. सहा जणांना खरचटले. सातव्या निपाणीच्या मालुबाई. साठीच्या बाई, बेळगावच्या खासबागेत लेकीकडे निघाल्या होत्या. त्या बाहेर फेकल्या गेल्या, चरातल्या दगडावर डोके आपटले आणि जागीच वारल्या.

रस्ता कोरडा होता. उजेड होता. समोरून बैलगाडी, मेंढरे, काहीच येत नव्हते. ड्रायव्हरच्या तोंडाला दारूचा वास नव्हता. त्याचे नाव भावकू, राहणार उचगाव. फौजदारांनी विचारले तेव्हा त्याने एकच वाक्य सांगितले, आणि पुढे कितीही वेळा विचारले तरी तेच सांगितले.

"चाक माझ्या हातातनं फिरलं."

आमच्या पत्राने ही बातमी सहा ओळींत दिली. त्या ओळी मीच लिहिल्या होत्या. नंतरचे जे आहे, ते छापण्यासारखे आहे की नाही हे संपादकांनी ठरवायचे आहे. जे मी पाहिले ते पाहिले म्हणून लिहितो, जे ऐकले ते ऐकले म्हणून.

भावकूवर बेदरकारपणे मोटार चालवून मृत्यूस कारण झाल्याचा खटला दाखल झाला. वकीलपत्र केशवराव हेरेकरांनी घेतले. बचाव सरळ होता. स्टिअरिंगमध्ये बिघाड निघाला तर ड्रायव्हरचा दोष नाही. बिघाड नाही निघाला तर दोन वर्षे हिंडलग्याचा तुरुंग. भावकूची बायको शालू पोटुशी होती. जामिनाच्या दिवशी ती कोर्टाच्या ओट्यावर पोट सावरत बसली होती. केशवराव बाहेर आले तेव्हा ती उठली नाही, बसल्या जागेवरून म्हणाली, "पोरगं बापाच्या मांडीवर खेळायला पायजे, वकीलसाहेब. एवढंच बगा. बाकी तुमचं कायदं मला कळत न्हाईत."

"गाडीत खोट आहे, बाई. नक्की आहे," केशवराव म्हणाले. तोपर्यंत त्यांनी गाडी पाहिलेली नव्हती.

मोटार तपासणीसाठी बेळगावच्या कॅम्पात आण्णाप्पाच्या गॅरेजमध्ये ठेवली होती. आण्णाप्पा लढाईत मेसोपोटेमियाला होता, फौजेच्या लॉऱ्या दुरुस्त करत. जाडजूड माणूस, आवाज मोठा, आणि आपल्यासारखा मिस्त्री पुण्यापासून हुबळीपर्यंत नाही हे तो दिवसातून एकदा तरी सांगे. गॅरेज म्हणजे पत्र्याची लांब शेड. तोंड उत्तरेला, समोर रस्ता, रस्त्यापलीकडे मैदान, मैदानाच्या टोकाला चर्चची भिंत. गाडी ताब्यातली असल्याने पंचांशिवाय हात लावायचा नाही असा हुकूम होता. मी जवळपास असतो आणि मला लिहिता येते, म्हणून एक पंच मला केले.

पहिल्या दिवशी भावकूही आला होता. शेडच्या बाहेर, चिंचेखाली उकिडवा बसला. केशवरावांनी त्याला निपाणीपासूनचे सगळे पुन्हा सांगायला लावले.

"स्टँडवर गाडी भरत आलती," भावकू म्हणाला. "मागं सीटा भरल्या. पुढं माझ्या शेजारी कुणाचं तरी उपरणं टाकलेलं. जागा धरलेली. मी वाट बघितली. हॉर्न मारला. पानवाल्याला इचारलं, कुणाचं हाय? त्याला ठाऊक न्हाई."

"मग?"

"मग काय, उशीर व्हायला लागला. निघालो."

"उपरणं?"

भावकूने जमिनीवर बोटाने रेघ ओढली. "तसंच राहिलं."

निपाणी-बेळगाव मार्गावर जाणाऱ्यांना यात काय चुकले ते सांगावे लागणार नाही. इतरांसाठी सांगतो. सीटवर कुणी कापड टाकून गेला की ती जागा त्याची. दुसरा कोणी तिथे बसत नाही. ड्रायव्हरने थांबायचे, आणि थांबायचे नसेल तर कापड उचलून स्टँडवरच्या पानवाल्याकडे द्यायचे. म्हणजे त्या माणसाला कळते की आपली जागा गेली, दुसरी गाडी बघावी. भावकूने दोन्ही केले नाही. धरलेली जागा धरलेलीच ठेवून तो निघाला.

"मागं माणसं कोंबलेली, तरी पुढं कोण बसंना," तो म्हणाला. "संकेश्वरला मालुबाईचं पाय आखडलं. म्हातारी पुढं आली, उपरणं मांडीवर घेतलं, बसली. म्हणाली, आला तर उठीन की रं. तिथनं गाडी डावीकडं वडायला लागली."

"आधी ओढत नव्हती?"

"न्हाई. लोण्यासारखी चालत हुती."

केशवरावांच्या कपाळाला आठी पडली. "हे कोर्टात नको. गाडी जुनी आहे, पहिल्यापासून ओढते, असं सांग."

"पर ओढत न्हवती, साहेब."

"तुला घरी जायचंय की न्हाई?" आत जॅक लावत असलेला आण्णाप्पा ओरडला.

आण्णाप्पाने पहिल्या दिवशी जे केले ते कुठल्याही चांगल्या मिस्त्रीने केले असते. टायरमधली हवा तपासली. पुढचा एक्सल वाकला आहे का ते दोरी लावून पाहिले; सरळ होता. स्प्रिंगची पाने शाबूत. दोन्ही चाकांना जोडणारा आडवा रॉड, ज्याला हे लोक टायरॉड म्हणतात, तो काढून फरशीवर लोळवून पाहिला, सरळ. चाक ज्या खिळीभोवती वळते त्या किंगपिनचे बुश थोडे झिजले होते, ते नवे बसवले. स्टिअरिंगची पेटी उघडली, दाते पाहिले, बंद केली. गाडी जुनी अमेरिकन टूरिंग, छत कापडाचे, बाजू उघड्या. पण निगा राखलेली होती.

"हिच्यात खोट न्हाई, केशवराव," तो हात पुसत म्हणाला. "तुमच्या अशिलाच्या नशिबात असंल तर असंल."

मग त्याने पुढची चाके जॅकवर उचलली आणि सरळ करून सोडली.

चाके हळूहळू डावीकडे वळली. कुणी हात लावला नव्हता. घड्याळाचा मोठा काटा सरकावा तशी, सावकाश, शेवटापर्यंत वळली आणि तिथे अडून राहिली.

आण्णाप्पाने ती पुन्हा सरळ केली. पुन्हा वळली. त्याने स्टिअरिंगकडून येणारा दांडा सोडवला, म्हणजे आता चाकांचा आणि स्टिअरिंगचा संबंध नाही. तरी वळली. मी फरशीच्या उताराची शंका काढली. त्याने पाण्याने जवळजवळ भरलेली, बूच लावलेली बाटली एक्सलवर आडवी ठेवली. बुडबुडा मधोमध राहिला.

गाडी तेव्हा जरा तिरकी उभी होती, तोंड आत, आग्नेयेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या दोन माणसांनी ती ढकलून बाहेरच्या बाजूला, उत्तरेकडे वळवली. पुन्हा जॅक. या वेळी चाके किंचितच डावीकडे गेली आणि थांबली. गाडी पूर्वेकडे केली. चाके पार डावीकडे. पश्चिमेकडे केली, चाके उजवीकडे.

आण्णाप्पाने फौजेतून आणलेले होकायंत्र काढले. गाडी कशीही उभी करा, चाके जमेल तितकी एकाच दिशेला तोंड करत होती. उत्तरेच्या थोडे पश्चिमेला. निपाणीचा रस्ता ज्या बाजूला जातो ती बाजू.

"बैल गोठ्याकडं बघतंय तसं बघतीया की ही," आण्णाप्पा म्हणाला आणि हसला. त्याची माणसे हसली नाहीत.

केशवराव मात्र खूश झाले. "ओढते ना? झालं तर! मोटार इन्स्पेक्टरला हेच दाखवू. चाके जागेवर राहत नाहीत. याला बिघाडच म्हणतात."

"बिघाड हाय, व्हय," आण्णाप्पा म्हणाला. "पर गाडीत न्हाय."

मोटार इन्स्पेक्टर फर्नांडिस सोमवारी येणार होते. तोवर गाडी तोंड उत्तरेला करून शेडमध्ये उभी राहिली. मी रोज सकाळी प्रेसला जाण्याआधी तिकडे जाऊ लागलो. पंच म्हणून नव्हे. जावेसे वाटे.

इथे चाकांविषयी एक गोष्ट सांगणे भाग आहे. मोटारीची पुढची दोन चाके अगदी समांतर ठेवत नाहीत. पुढच्या कडा मागच्या कडांपेक्षा सूतभर आत घेतात; म्हणजे चालताना गाडी सरळ राहते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आण्णाप्पा हे माप कळकाच्या काठीने घेई. काठी चाकांच्या मधे मागे धरून खूण करायची, मग पुढे धरून खूण करायची. त्याने माप एक सुतावर बांधले, नटावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली, म्हणजे नट हलला तर रेघ तुटलेली दिसेल.

गुरुवारी सकाळी त्याने मला हाक मारली. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

"पत्रकार, ही काठी धरा."

मी धरली. चाके तीन सूत आत होती. नटावरची रेघ अखंड होती. रॉड तेवढाच लांब होता. त्याने तो माझ्यादेखत मोजला. रॉड तेवढाच, सांधे घट्ट, तरी चाके एकमेकांकडे वळलेली. असे होऊ शकत नाही. मी मोटारीतला जाणकार नाही, पण दोन खांब आणि मधली तुळई इतके मला कळते.

आण्णाप्पा गाडीसमोर जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "माणूस लांब बघतो तवा डोळं सरळ असत्यात. जवळ बघितलं की बुबळं आत येत्यात. हो का न्हाई?"

मी काठी भिंतीला टेकवली.

त्याने सुतळीचे मोठे गुंडे आणले. एक सुतळी डाव्या चाकाच्या कडेला धरून पुढे ओढली, एक उजव्या. एक्सल सरळ आहे का ते पाहण्याची ही जुनी रीत आहे. फक्त तो सुतळ्या शेडच्या बाहेर घेऊन गेला. चाक ज्या रेषेत बघते त्या रेषेत. त्याचा एक माणूस मागून डोळा लावून "जरा हिकडं, जरा तिकडं" सांगत होता. मी दुसरी सुतळी घेऊन चाललो. रस्ता ओलांडून मैदानात शिरलो. चालता चालता आमच्या दोघांतले अंतर कमी होत गेले. मैदानाच्या मध्याच्या जरा पुढे माझा खांदा आण्णाप्पाच्या खांद्याला लागला.

तिथे काही नव्हते. वाळलेले गवत. जवळच एक शेंगा विकणारी बाई टोपली उचलून दहा-बारा हात बाजूला नेत होती.

"काय झालं गं, आक्का?" आण्णाप्पाने विचारले. "रोजची जागा का सोडलीस?"

"काय न्हाई बाबा. उगंच. तिथं बसलं की कुणीतरी उभारल्यागत वाटतंय." तिने आमच्या हातातल्या सुतळ्यांकडे पाहिले. "तुमी काय पतंग उडवाय लागलाय काय, म्हातारपणी?"

शुक्रवारी चाके आणखी आत होती. सुतळ्या मैदानाच्या अलीकडच्या कडेला मिळाल्या. शनिवारी रस्त्यावर.

शनिवारी दुपारी मी शेडच्या दारात खुर्ची टाकून बसलो आणि फक्त त्या जागेकडे पाहत राहिलो. कॅम्पातला तो रहदारीचा रस्ता आहे. शाळेतून येणारी मुले, बाजारला निघालेल्या बायका, दोन गोरे सोल्जर, पाव विकणारा. जागा मोकळी होती. तरी त्या जागेशी आले की माणसे थोडी वळून जात. अंग चोरत. थांबत नव्हती, बघत नव्हती, बोलणेही तुटत नव्हते. एक सायकलवाला आला आणि त्याने तिथे घंटी वाजवली. मग स्वतःच मागे वळून पाहिले, आणि जोरात पायडल मारत गेला.

भावकू चिंचेखाली होता. मी त्याच्याकडे गेलो.

"तुला काही दिसतं?"

"न्हाई."

"मग घाबरतोस कशाला?"

"मी घाबरलो न्हाई, साहेब," तो म्हणाला. "मी एवढंच बघतोय, की चालत येतंय कोण, आणि ही गाडी वाट कुणाची बघाय लागलीया." मग, "शालूचं दिवस भरत आल्यात. सोमवारी चाक असंच आत राहिलं तर मी सुटतो न्हवं?"

"सुटशील."

"मग ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

रविवारी सुतळ्या शेडच्या दाराच्या आत मिळाल्या. आण्णाप्पाने सुतळी खाली टाकली आणि शेड बंद न करता माणसांना घरी पाठवले. स्वतःही गेला. मी एकटा गाडीसमोर उभा राहिलो तेवढ्यात मला दिसले की चाके आता इतकी आत वळली आहेत की टायरच्या पुढच्या कडा तिरक्या दिसतात, आणि त्यांचा रोख माझ्या पायांच्या थोडा अलीकडे आहे. मी दोन पावले मागे सरलो. मग निघून आलो.

सोमवारी सकाळी दहाला इन्स्पेक्टर फर्नांडिस आले.

चाके सरळ होती.

आण्णाप्पाने काठी लावली. एक सूत. जॅकवर उचलली, सोडली. ती जागची हलली नाहीत. गाडी पूर्वेकडे वळवली, पश्चिमेकडे वळवली. हलली नाहीत. केशवराव त्याच्या कानाशी येऊन दात आवळून म्हणाले, "काय केलंस तू? नीट केलीस? कुणी सांगितलं नीट करायला?"

"मी हात लावला न्हाई," आण्णाप्पा म्हणाला. त्याने गाडीच्या कडेने एकदा फेरी मारली आणि डाव्या बाजूला खाली वाकला. पुढच्या डाव्या स्प्रिंगवर त्याने वीत लावली, मग उजव्या. पुन्हा डाव्या. तो उठला, माझ्याजवळ आला. "डावी बाजू खाली बसलीया," तो हळू म्हणाला. "शेजारी माणूस बसल्यावर बसती तेवढीच."

फर्नांडिस शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी भावकूला स्टिअरिंगवर बसायला सांगितले, स्वतः मागच्या सीटवर बसले. जिथे अपघात झाला तिथपर्यंत जाऊन यायचे. भावकूने उजवीकडून चढताना क्षणभर दाराची कड घट्ट धरली. त्याने डावीकडे मान वळवली नाही. गाडी गेली.

केशवराव फेऱ्या घालत होते. "संपलं," ते म्हणत होते. "गाडी ठणठणीत निघाली. दोन वर्षं गेली पोराची."

तासाभराने गाडी परत आली. भावकूचा सदरा पाठीला चिकटला होता. फर्नांडिस उतरले ते तापलेले. टेबलाशी बसून लिहू लागले आणि लिहिता लिहिता, मान वर न करता बोलले.

"स्टिअरिंग उत्तम आहे. ब्रेक उत्तम. पण मिस्टर हेरेकर, टेस्टच्या वेळी पुढे माणूस बसवायचा नाही, हे तुम्हाला सांगायला हवं होतं?"

"कुठला माणूस?" केशवराव म्हणाले.

"पुढचा. ड्रायव्हरच्या शेजारचा. काकतीच्या सरळ रस्त्यावर त्याने दोनदा चाकावर हात टाकला. मी ओरडलो, त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. ड्रायव्हरने गाडी सांभाळली म्हणून मी इथे बसलोय. त्याला आता उतरवा आणि माझ्यासमोर आणा."

आम्ही गाडीकडे पाहिले. पुढची डावी सीट मोकळी होती. ऊन तिच्यावर पडले होते. मी काही बोलणार तोच केशवरावांनी माझा दंड धरला. घट्ट.

"तो गेला वाटतं, साहेब," ते म्हणाले. "पण आपण जे पाहिलंत ते लिहा. सगळं लिहा."

फर्नांडिसनी लिहिले. ते गेल्यावर मी केशवरावांना विचारले, हे काय चालवले आहे.

"सरकारी इन्स्पेक्टर स्वतः सांगतोय की शेजारी बसलेला चाकाला हात घालतो," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "त्या दिवशीही घातला असेल. मग भावकूचा दोष कुठला? मला तो माणूस साक्षीला हवा."

"कुठून आणणार?"

"समन्स काढून."

त्यांनी भावकूला बाजूला घेतले. "कोण होता रे शेजारी?"

"मी बघितलं न्हाई."

"तासभर शेजारी बसला आणि तू बघितलं नाहीस?"

"गाडी चालवताना पुढं बघायचं असतंय, साहेब," भावकू म्हणाला.

मॅजिस्ट्रेटांना अहवाल महत्त्वाचा वाटला. त्या इसमास हजर करावे, तोवर निकाल तहकूब, असा हुकूम झाला. नाव ठाऊक नसल्याने समन्स 'परीक्षेच्या वेळी मोटारीत पुढे डाव्या बाजूस बसलेला इसम' याच्या नावे निघाले. कोर्टाचा बेलिफ रवळू ते घेऊन कॅम्पात गेला. तासाभरात परत आला. मी ओट्यावर होतो.

"बजावलं," तो म्हणाला आणि तंबाखू मळू लागला.

"कुणाला?"

"कुणाला म्हंजे? गाडीतच बसलं हुतं की. कागद दिला, घेतला."

"दिसायला कसे?"

रवळूचा अंगठा तळहातावर थांबला. "उन्हानं दिपलं बघा डोळं," तो म्हणाला. "आपल्यागतच हुतं कुणीतरी."

"काही बोलले?"

"कवा निघायचं, एवढंच इचारलं."

संध्याकाळी आण्णाप्पाने मला दुसरी बाजू सांगितली. तो त्या वेळी गाडीपासून चार हातांवर उभा होता. रवळू आला, मोकळ्या सीटशी थोडा वाकला, कागद धरलेला हात आत घातला, आणि हात बाहेर काढला तेव्हा त्यात कागद नव्हता. रवळू गेल्यावर आण्णाप्पाने सीट उचलली, फरशी पाहिली, गाडीखाली आडवा झाला. कागद मिळाला नाही.

"मी गॅरेजला कुलूप लावणार न्हाई," तो शेवटी म्हणाला. "जायचं तर जाऊ दे."

पुढची तारीख आज, शुक्रवारची होती. केशवरावांनी काल भावकूला सांगितले, साक्षीदार गाडीतच असतो म्हणतात, तर गाडीच घेऊन ये, कोर्टाची परवानगी काढली आहे. कोर्ट कॅम्पापासून लांब नाही. दहा मिनिटांचे काम. साक्ष झाली की तू सुटलास.

आज सकाळी मी गॅरेजवर होतो. शालूही आली होती. तिने भावकूचा नवा सदरा आणला होता. तो त्याने तिथेच, चिंचेच्या आड जाऊन घातला. "मी येते बरोबर," ती म्हणाली.

"नको. पुढं जागा न्हाई."

"मागं बसते की. चालत जाऊ का आता, ह्या पोटानं?"

"नको म्हटलं न्हवं." मग त्याचा आवाज उतरला. "टांग्यानं जा. मी येतो. निकाल लागला की तुला उचगावला सोडतो, घरापतुर, ह्याच गाडीतनं."

"आयाबाया बघतील," शालू म्हणाली आणि हसली. मी तिला तेवढे एकदाच हसताना पाहिले.

आण्णाप्पाने हँडल फिरवले. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झाले. भावकू उजवीकडून चढला. गाडी शेडच्या बाहेर आली, रस्त्याला लागली. चाके सरळ होती. आण्णाप्पा दारात उभा राहून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत होता. मी टांग्याने शालूला कोर्टात आणले.

अकराला खटल्याचा पुकारा झाला. आरोपी हजर नाही. साक्षीदार हजर नाही. केशवरावांनी मुदत मागितली. बारा वाजता पुन्हा पुकारा झाला. मॅजिस्ट्रेटांनी दुपारपर्यंत वाट पाहू असे सांगितले. शालू ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. गाडीचा आवाज आला की मान उचले.

एक वाजता मी सायकल घेऊन निघालो. चौकातल्या पोलिसाने सांगितले, सर्व्हिस मोटार सकाळी गेली, पण कोर्टाच्या बाजूला वळली नाही, उत्तरेला गेली. मी काकतीच्या रस्त्यावर जकात नाक्यापर्यंत आलो. नाकेदार मष्णू. भावकूला तो वर्षानुवर्षे ओळखतो. रोज हात करतो, रोज भावकू हॉर्न मारतो.

"गेली की," मष्णू म्हणाला. "सकाळी गेली, सावकाश. आडवा बांबू वर केला मी."

"भावकू काही बोलला?"

"न्हाई. मी हात केला, त्यानं वळून बघितलं न्हाई." मष्णू बांबूच्या दोरीशी चाळा करत राहिला. "मलाच जरा चमत्कारिक वाटलं बघा. रोज तो चाकावर, हिकडच्या बाजूला, माझ्या हाताशी असतो."

"आणि आज?"

"आज पलीकडं हुता. डावीकडं बसलता. दोन्ही हात मांडीवर ठेवून."